इंजिन मागं, डिकी पुढं: बीटलवाल्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मी माझ्या 1962 च्या फोक्सवॅगन बीटलबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, की भर उन्हाळ्यात ती घेऊन सोलापूरहून अक्कलकोटला गेलो, दर्शन घेऊन आलो, गाडीला काही झालं नाही, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की संपादक म्हणाले या खेपेला बाकीच्या गाड्या राहू देत, सगळा स्तंभ बीटललाच द्या. मला काय, मी एका पायावर तयार. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि तिघाचौघांनी 'विकायची आहे का' असं विचारलंय, त्यांना इथंच सांगतो, नाही.

काका, आमच्या आजोबांची बीटल भवानी पेठेतल्या वाड्यात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. आजोबा गेल्यापासून कुणी हात लावला नाही, पंधराएक वर्षं झाली असतील. ओळखीचे मेस्त्री म्हणतात नवी बॅटरी टाका, दोन लिटर पेट्रोल ओता, चौघांनी ढकला, चालू होतीय. तसं करू का? – एक वाचक, जुळे सोलापूर

नका करू. मेस्त्री काही खोटं बोलत नाहीत, ती चालू होईलच, या इंजिनाचा तोच तर गुण आहे, पण चालू झाल्यावर पाच मिनिटांत काय होईल ते बघायला मेस्त्री थांबतील का ते विचारा.

पहिलं काम उंदरांचं. हसू नका. या गाडीत पाणी नाही, रेडिएटर नाही, मागच्या इंजिनावर पत्र्याचं एक मोठं खोकं आहे, त्याच्या आत पंखा आणि त्याचा वारा खाली चारही सिलिंडरच्या अंगावरच्या धातूच्या पातळ पात्यांवरनं फिरतो, आणि वाड्यातल्या उंदराला घरटं करायला त्याच्याइतकी उबदार बंद जागा दुसरी कुठली मिळणार! चिंध्या, कापूस, शेंगांची टरफलं, सगळं त्या पत्र्याखाली सापडतं. वरनं इंजिन चकाचक दिसतं आणि आतनं वाऱ्याची वाटच बंद, मग एका बाजूचे सिलिंडर भाजून निघतात. म्हणून पंख्याचं खोकं काढून आत टॉर्च मारून बघायचं, त्याला पर्याय नाही.

मग चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुली हातानं फिरवून बघा. फिरली की निम्मी लढाई जिंकली. खालचं जुनं ऑइल काढून टाका, अडीच लिटरच लागतं, आणि या इंजिनाला आजच्यासारखा ऑइल फिल्टर नसतो, फक्त खाली एक जाळी असते, ती काढून रॉकेल नाहीतर पेट्रोलमध्ये धुवा. त्या जाळीत काय अडकलंय ते बघूनच इंजिनाची तब्येत कळते, चमचमणारा धातूचा चुरा असेल तर थांबा आणि मला परत लिहा.

पेट्रोलची टाकी पुढं आहे, बॉनेटखाली, ती उतरवून धुवायची. आणि टाकीपासनं कार्बोरेटरपर्यंत जेवढे रबरी पाइप आहेत तेवढे सगळे नवे घाला, हे मी दहादा सांगीन. जुना पाइप वरनं चांगला दिसतो आणि वाकवला की चिरा पडतात, तिथनं पेट्रोल ठिबकलं की खाली गरम इंजिन आणि शेजारी ठिणगी देणारा डिस्ट्रिब्युटर, जगभरात किती बीटल अशा जळाल्यात विचारू नका. शंभर-दोनशे रुपयांचा पाइप वाचवून गाडी घालवायची असेल तर तुमची मर्जी.

ब्रेकचं सगळं उघडायला लागणार, चाकातले सिलिंडर नक्की जाम असणार. आणि हो, बॅटरी कुठं असते माहिती आहे का? मागच्या सीटखाली. तिच्यावरचं झाकण जागेवर आहे का बघा. सीटच्या स्प्रिंगा लोखंडी आणि आत भरलेलं वाळकं काथ्यासारखं, झाकण नसलं आणि एखादे वजनदार पाहुणे मागं बसले की स्प्रिंग बॅटरीच्या टर्मिनलला टेकतात, आणि मग पाहुण्यांना आधी वास येतो, मग धूर दिसतो.

हे सगळं झाल्यावर ढकला. चौघं कशाला, दोघं पुरतात.

हवेवर थंड होणारं इंजिन जर्मनीत ठीक, पण आमच्याकडं मे महिन्यात 43-44 डिग्री असतंय. ट्रॅफिकमध्ये इंजिन बसत नाही का? – होटगी रोड

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारला. यात एक गंमत अशी की ज्या गाडीत पाणीच नाही ती गाडी उकळणार कशी? माझ्या लहानपणी पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णीच्या आसपास बॉनेट उघडून, रेडिएटरवर ओला टॉवेल टाकून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग असायची, आणि एका डॉक्टरांची बीटल त्यांच्या शेजारनं टर्रर्र करत निघून जायची. ही गाडी आफ्रिकेत चालली, ब्राझीलमध्ये बनली, मेक्सिकोत तर 2003 पर्यंत बनत होती, तिथंही उन्हं काही कमी नाहीत.

पण तिच्या अटी आहेत, आणि आपल्याकडं त्याच मोडल्या जातात. इंजिनाच्या चारी बाजूंनी जे काळे पत्रे असतात आणि त्यांच्या कडेला रबरी पट्टी असते ती शोभेची नाही, वरचा गार वारा वर आणि खालचा गरम वारा खाली ठेवणारी ती भिंत आहे. आपले मेस्त्री इंजिन उतरवलं की ते पत्रे परत बसवत नाहीत, 'हवा लागू दे की जरा' म्हणतात, आणि मग सिलिंडरवरनं तापून खाली गेलेला वारा पंखा परत वर ओढतो. कपाळाला हात लावायची वेळ येते. तुमच्या गाडीचे सगळे पत्रे जागेवर असतील तर विजापूर वेशीत अडकलात तरी घाबरू नका.

दुसरी अट म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर. 1970 पर्यंतच्या इंजिनांत ऑइल कूलर पंख्याच्या खोक्यातच उभा असतो, त्यामुळं तीन नंबरला जाणारा वारा आधीच तापलेला असतो आणि तो सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम चालतो. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला धूर बाहेर सोडणारी झडप, ताणायला लागला की तो आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यातला गॅप कमी कमी होत जातो, आणि हा गॅप नेमानं बघत राहिलात तर व्हॉल्व्ह तुटायच्या आधीच तुम्हाला कळतं. साधारण 5000 किलोमीटरला व्हॉल्व्ह सेटिंग करायचं, तेही इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी. दुपारी गॅरेजला घेऊन जाऊन 'करून द्या' म्हणायचं नाही. गॅप किती ठेवायचा ते वर्षागणिक वेगळं आहे, आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा, शेजाऱ्याला विचारू नका.

आणि ऑइल वेळेवर बदला. या गाडीत गार करायचं निम्मं काम पण ऑइलच करतं आणि वंगण पण तेच.

गाडी चालवताना लाल दिवा लागला तर मेस्त्री म्हणतात डायनॅमोचा आहे, घरापर्यंत चालेल. खरं का? – मोहोळ

दुसऱ्या कुठल्या गाडीत खरं असेल. बीटलमध्ये लाल दिवा म्हणजे तिथल्या तिथं बाजूला घ्या आणि इंजिन बंद. कारण पंखा डायनॅमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्याच दांड्यावर आहे आणि दोघांना मिळून एकच पट्टा. पट्टा तुटला तर चार्जिंग बंद, तसा वारा पण बंद, आणि तापमानाचा काटा तर या गाडीला दिलेलाच नाही. म्हणजे तो लाल दिवाच तुमचा टेंपरेचर मीटर.

पट्टा बदलायला मेस्त्री लागत नाही. 21 चा पाना आणि एक जाड स्क्रू ड्रायव्हर, तो डायनॅमोच्या पुलीच्या खाचेत अडकवायचा, नट सोडायचा, पुलीचे दोन भाग सुटतात, मधले वॉशर काढले की पट्टा घट्ट होतो, घातले की सैल. काढलेले वॉशर फेकायचे नाहीत, ते बाहेरच्या बाजूनं नटाखाली ठेवायचे, पुढच्या वेळी लागतात. अंगठ्यानं दाबल्यावर दीडेक सेंटीमीटर दबला पाहिजे. माझ्या बायकोला हे येतं, एकदा नळदुर्गच्या रस्त्यावर तिनं केलं आणि मी सावलीत उभा राहून पाणी पीत होतो. गाडीत कायम एक जादा पट्टा ठेवायचा, बस.

साहेब, माझे वडील मिलमध्ये होते आणि त्यांच्या साहेबांची फोक्सवॅगन आम्हाला कधी कधी फिरायला मिळायची. गाडीत पेट्रोलचा काटा नव्हता आणि वळताना दाराशेजारनं पिवळी दांडी बाहेर यायची असं मी नातवंडांना सांगते तर ती म्हणतात आजी काहीतरीच सांगते. मी खरं सांगतेय ना? – निवृत्त शिक्षिका, नवी पेठ

बाई, शंभर टक्के खरं. नातवंडांना हा अंक दाखवा.

1961 पर्यंतच्या बीटलला पेट्रोलचा काटा नव्हता. पायाजवळ एक छोटा तोटीसारखा नळ असायचा, चालू, बंद आणि रिझर्व्ह. गाडी चालता चालता गचके द्यायला लागली की चालवणाऱ्यानं पायानं नाहीतर वाकून तो नळ रिझर्व्हवर करायचा, म्हणजे अजून पाचेक लिटर मिळायचे, मोटारसायकलला असतं तसंच. खरी मजा म्हणजे पेट्रोल भरल्यावर नळ परत जागेवर आणायचं विसरलं की पुढच्या वेळी रिझर्व्ह संपलेलंच असायचं आणि मग बरोबरच्या पोरांनी उतरून ढकलायचं. तुम्ही ढकलली असेल तर लिहा.

आणि ती दांडी म्हणजे इंडिकेटर. दाराच्या मागच्या खांबात बसवलेली, आत दिवा, बटण दाबलं की टक्कन बाहेर आडवी व्हायची. 1960 नंतर युरोपातल्या गाड्यांना लुकलुकणारे दिवे आले आणि दांडी गेली. दोन्ही गोष्टी एका गाडीत होत्या म्हणजे तुमच्या साहेबांची गाडी 1960 किंवा त्याच्या आधीची. मागची काच आठवते का? दोन तुकड्यांची असेल तर 1953 च्या आधीची, अंड्याच्या आकाराची असेल तर 1953 ते 57, आणि मोठी चौकोनी असेल तर त्याच्यानंतरची. डोळे मिटून आठवा, कारण दोन तुकड्यांची असेल तर त्या गाडीचं पुढं काय झालं ते मला शोधायला आवडेल.

अजून एक गोष्ट तुम्हाला आठवत असणार, दार लागायचं नाही. गाडी इतकी हवाबंद की सगळ्या काचा वर असल्या तर दार आपटूनही अर्धवट राहायचं, थोडी काच खाली केली की लगेच लागायचं. गड्ड्याच्या जत्रेला सहा-सात जण कोंबून निघालं की शेवटच्या माणसाचं दार लावणं हा एक कार्यक्रमच असायचा. मागच्या सीटच्या पाठीमागं सामानाचा एक खड्डा असतो, त्यात सगळ्यात लहान पोरगं, इंजिनाच्या डोक्यावरच, ऊब आणि आवाज दोन्ही फुकट. आज कुणी असं नेऊ नये हे खरं, पण त्या खड्ड्यात झोपलेल्या माणसांना, म्हणजे आता साठीत असलेल्यांना, त्या आवाजाबद्दल विचारा, चेहराच बदलतो.

ही हिटलरची गाडी आहे म्हणतात. मग कौतुक कशाला करायचं? – नाव नको, सोलापूर

प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. 1934 मध्ये नाझी राजवटीनं फर्डिनांड पोर्श यांना स्वस्त गाडीचं काम दिलं, 1938 मध्ये कारखान्याचा पाया घातला, किंमत ठरली 990 मार्क आणि लोकांनी आठवड्याला 5 मार्कांची तिकिटं चिकटवून पैसे साठवायचे अशी योजना काढली. तीन लाखांच्या वर लोकांनी पैसे भरले आणि त्या योजनेतनं एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धात तिथं लष्करी गाड्या बनल्या, त्याही सक्तीनं आणलेल्या मजुरांकडनं. हे विसरायचं नाही.

पण तुमच्या-माझ्या ओळखीची बीटल त्याच्यानंतरची. 1945 मध्ये मोडका कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात आला, आयव्हन हर्स्ट नावाच्या मेजरनं तो पुन्हा चालू केला, 1948 पासनं हाइनरिश नॉर्डहॉफ यांनी चालवला. 1955 ला दहा लाखावी गाडी, 17 फेब्रुवारी 1972 ला सगळ्यात जास्त बनलेली गाडी हा फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला, आणि शेवटची गाडी मेक्सिकोत पुएब्लाला 30 जुलै 2003 ला, एकूण 2 कोटी 15 लाख 29 हजार 464. ज्या राजवटीनं आश्वासन दिलं तिला एक गाडी देता आली नाही, आणि ती बुडाल्यावर नर्स, शिक्षक, पाद्री, कॉलेजची पोरं सगळ्यांनी घेतली. मी कौतुक या लोकांच्या गाडीचं करतो.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतंय. जुन्या बीटलला चालेल का? – अशोक चौक

इंजिनाला चालतंय, रबराला चालत नाही. कॉम्प्रेशन इतकं कमी आहे, 7 च्या आसपास, की नॉकिंगची, म्हणजे इंजिन आतनं टकटक वाजायची, काळजीच नाही. पण जुने पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं फुगतात नाहीतर भुगा होतात, म्हणून इथेनॉलला टिकणारे पाइप मागून घ्या, वर जुळे सोलापूरकरांना सांगितलंय तेच. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर टाकी आतनं गंजते. आणि मिश्रण जरा पातळ होतं, म्हणजे इंजिन थोडं जास्त तापतं, प्लग पांढरेफटक दिसायला लागले तर कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा घालून बघा.

व्हिंटेज म्हणून आरटीओत नोंद करावी का? – दोघांचा प्रश्न

2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पहिली नोंदणी होऊन 50 वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20 हजार आणि दहा वर्षांनी पुन्हा करायची तर 5 हजार. पण अट वाचा, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांनाच रस्त्यावर आणता येते, रोज भाजी आणायला नाही. मी केलेली नाही, कारण मला भाजी आणायची असते. माझी नेहमीच्याच नोंदणीवर आहे, पाच-पाच वर्षांनी तपासणी करून घेतो, पर्यावरण कर भरतो. तुमची गाडी वर्षातनं दोनदा बाहेर पडणार असेल तर व्हीए बरं.

काका, एवढी दुर्मिळ गाडी तुम्ही मधल्या मारुतीच्या बाजारातल्या गर्दीत नेता, कुणी घासली तर? जीव कसा होतो तुमचा? – पार्क चौक

घासली आहे की. डाव्या मडगार्डला रिक्षाची खूण आहे. मडगार्ड बोल्टवर असतात, काढून ठोकून परत बसतात, गाडी बनवणाऱ्यानं हा विचार आधीच करून ठेवलाय.

मला उलट शोरूमसारखी पुसून ठेवलेली बीटल बघितली की वाईट वाटतं. ही काही राजेमहाराजांची गाडी नव्हे, कमी पैशात, कमी पेट्रोलात, रोज कामावर जायला केलेली गाडी आहे, चार बोल्ट सोडले की इंजिन खाली येतं ते काचेच्या कपाटात ठेवायला नाही. 34 हॉर्सपॉवर, ताशी 115 च्या पुढं जात नाही, पण गंमत अशी की 115 नं दिवसभर चालवा म्हणून कंपनीच सांगायची, इंजिनाला तेवढाच श्वास दिलाय की ते स्वतःला दमवूच शकत नाही. मी आता 70 च्या वर जात नाही ते माझ्या वयामुळं. उभी राहिली की सील वाळतात, ब्रेक धरतात, उंदीर येतात. आठवड्यातनं एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर, ऑइल नीट गरम होईपर्यंत, न्यायलाच पाहिजे.

एक मात्र सांभाळा, पंपावरचा पोरगा चारही टायरांत 30-32 हवा भरतो. तसं चालत नाही. वजन सगळं मागं आहे, पुढं 16 ते 18 आणि मागं 24 ते 27, त्याला उभं राहून सांगा. तुळजापूरच्या घाटात उतरताना वळणात शिरायच्या आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही, या गाडीचं मागचं चाक पोटाखाली मुडपायला बघतं आणि मग गाडी आपलं ऐकत नाही.

मी 19 वर्षांची आहे, बाबा मला त्यांची 1959 ची बीटल शिकवायलेत. पहिला गिअर टाकला की कर्रर्र होतं आणि बाबा ओरडतात. रिव्हर्स तर सापडतच नाही. – कॉलेजची विद्यार्थिनी, सोलापूर

बाबांना सांग की त्यांनाही पहिल्या दिवशी तसंच झालं असणार. 1959 च्या गाडीत पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय, नाही, ती सोय पुढच्या मॉडेलांत आली, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचाच नाही, चालत्या गाडीत दुसऱ्यावरच राहायचं. थांबूनही कर्रर्र आलं तर आधी दुसऱ्याला हलकं टेकवून मग पहिल्यात घाल, आवाज येत नाही. क्लच पूर्ण दाबला जातोय ना ते पण बघ, पेडल खालनं वर येतात, पाय टेकवायची सवय व्हायला वेळ लागतो, चपलेपेक्षा बूट बरे.

रिव्हर्ससाठी दांडा नुसता ओढून उपयोग नाही. न्यूट्रलमध्ये आण, दांडा सरळ खाली दाब, अगदी जोर लावून, दाबलेला ठेवूनच डावीकडं आणि मग मागं. पहिल्यांदा बंद गाडीत पंधरा-वीस वेळा कर म्हणजे हाताला जागा कळते. आणि मागं बघताना काच आजच्या गाड्यांच्या मानानं छोटीच आहे, तर सरळ दार उघडून डोकं बाहेर काढून बघितलं तरी चालतं, आमच्या गल्लीत मी तसंच काढतो.